भोकं छोटी, पण आतलं ऑपरेशन तेवढंच

‘गर्भपिशवी काढायची तर दुर्बिणीनेच. भोकं छोटी, म्हणून धोका कमी. कॅन्सरमध्येही हेच उत्तम, आणि रोबोट मिळाला तर सोन्याहून पिवळं. पोट उघडायचं म्हणणारा डॉक्टर बदला.’ हा मेसेज जोरात फिरतोय. पोट उघडण्यापेक्षा दुर्बिणीनंतर दुखणं कमी आणि बाई लवकर हिंडू-फिरू लागते, यावर वाद नाही. बाकीचं तपासू.

भोकं छोटी म्हणून धोका कमी? भोक कातडीला पडतं. आत पिशवी सगळ्या बाजूंनी सोडवावीच लागते. मूत्रवाहिनी, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी नेणारी नळी, गर्भाशयाच्या धमनीखालून, गर्भाशयमुखापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवरून जाते. दुर्बिणीत ती धमनी बहुतेकदा उष्णता देणाऱ्या उपकरणाने बंद करतात. झळ मूत्रवाहिनीला लागली तर टेबलावर कदाचित काहीच दिसणार नाही. भाजलेला भाग पुढे मरतो आणि बाई घरी गेल्यावर लघवी आत झिरपू लागते. 2004 च्या ईव्हॅल्युएट चाचणीत गंभीर गुंतागुंत दुर्बिणीच्या गटात 11.1 टक्के होती, पोट उघडलेल्या गटात 6.2. तेव्हापासून हात सरावलेत, मान्य. तरी अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2015 च्या कॉक्रेन आढाव्यातही मूत्राशय-मूत्रवाहिनीच्या इजा दुर्बिणीतच जास्त निघाल्या.

‘दुर्बिणीनेच’ का? त्याच आढाव्याचा कौल होता, साध्या आजारात शक्य असेल तर पिशवी योनीमार्गाने काढा. पोटावर एकही टाका नाही! मेसेजमध्ये याचा उल्लेखच नाही. जाहिरात करावी असं यंत्र त्यात नाही, म्हणून असेल.

कॅन्सरचा दावा मात्र धोकादायक आहे. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कॅन्सरवर 2018 मध्ये लॅक चाचणीचे निकाल आले. साडेचार वर्षांनी आजारमुक्त असण्याचं प्रमाण पोट उघडलेल्या गटात 96.5 टक्के, दुर्बीण-रोबोटच्या गटात 86. मृत्यूही दुसऱ्या गटात जास्त. असं का, याचे अंदाज आहेत, ठाम उत्तर नाही. गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरमध्ये मात्र लेस चाचणीत दोन्ही पद्धती सारख्याच ठरल्या. म्हणजे कॅन्सर कुठला, हे विचारल्याशिवाय या वाक्याला अर्थच नाही.

रोबोटचं थोडक्यात. अमेरिकेतल्या अडीच लाखांहून जास्त स्त्रियांच्या नोंदी 2013 मध्ये तपासल्या गेल्या. साध्या आजारांसाठी पिशवी काढताना गुंतागुंत रोबोटमध्ये 5.5 टक्के, नुसत्या दुर्बिणीत 5.3. खर्च मात्र दोन हजार डॉलरहून जास्त वाढला.

राहिला डॉक्टर बदलायचा सल्ला. फायब्रॉइडची, म्हणजे गर्भाशयातली कॅन्सर नसलेली, मोठी गाठ छोट्या भोकातून काढायची तर तुकडे करावे लागतात. फायब्रॉइड समजून ऑपरेशन केलेल्या साधारण 350 स्त्रियांत एकीला सार्कोमा, म्हणजे कॅन्सर, लपलेला असू शकतो आणि तुकडे करणाऱ्या यंत्राच्या फिरत्या पात्याने तो पोटभर पसरू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2014 मध्ये दिला. आता गाठ पोटातच एका वेगळ्या थैलीत बंद करून तुकडे करण्याची सोय आहे, पण प्रत्येक गाठ त्यात मावत नाही. ‘पोट उघडावं लागेल’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना कदाचित ती गाठ अख्खीच बाहेर काढायची असेल. बदलण्याआधी निदान कारण तरी विचारा.