उइगुरांचा विषय निघाला तर काय करावं

आमच्या इमारतीतले एक गृहस्थ नुकतेच चीनचा शिनजियांग प्रांत, म्हणजे उइगुर मुसलमानांचा मुलूख, फिरून आले. सगळ्यांना चहाला बोलावून त्यांनी टीव्हीवर फोटो दाखवले. काशगरचा बाजार, कबाब, नाचणाऱ्या मुली, गुळगुळीत रस्ते. मी फक्त "तिथे उइगुरांना डांबलं त्या छावण्यांचं काय?" एवढंच विचारलं, तर "तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते" असं दहा जणांदेखत ऐकून घ्यावं लागलं. अशी वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून हे चार अनुभवी बोल.

आधी चीन सरकार म्हणतं ते मान्य करून टाका. ती व्यवसाय प्रशिक्षणाची केंद्रं होती. प्रवेशाला अर्ज लागत नव्हता, पोलीस घरी येऊन घेऊन जायचे. दाढी वाढवली, पासपोर्टसाठी अर्ज केला, मुलं जास्त झाली, एवढी पात्रता पुरायची. तिथल्या काराकाश जिल्ह्याची फुटलेली सरकारी यादी तेच सांगते. 2017 पासून दहा लाखांच्या घरात लोक या सोयीचा लाभ घेऊन आले, असा अंदाज आहे. डिसेंबर 2019 मध्ये सगळे पास झाल्याचंही जाहीर झालं. लोकसंस्कृतीच्या उइगुर प्राध्यापक राहिले दावुत डिसेंबर 2017 मध्ये बेपत्ता झाल्या आणि त्यांना जन्मठेप झाल्याचं जगाला 2023 मध्ये कळलं. प्राध्यापकबाईंना कोणता व्यवसाय शिकवायचा राहिला होता, हे विचारू नका.

टी-शर्टचं लेबल वाचू नका. जगातला साधारण पाचवा हिस्सा कापूस शिनजियांगचा आहे आणि लेबलावर फक्त शिवल्याचा देश असतो.

पुरोगामी असाल तर "हा सगळा अमेरिकेचा प्रचार" म्हणा. उपग्रहाची छायाचित्रं, फुटलेली कागदपत्रं, सुटून आलेल्या बायकांच्या साक्षी, ऑगस्ट 2022 चा संयुक्त राष्ट्रांचा अहवाल, सगळं एका वाक्यात निकालात निघतं.

आणि दुसऱ्या बाजूचे असाल तर काय, आनंदच आहे. "चीननं बरोबर केलं, यांना असंच पाहिजे" असं फॅमिली ग्रुपवर टाका, पाच अंगठे लगेच येतात. त्याच ग्रुपवर दिवाळीत "चिनी माळा घेऊ नका" हेही तुम्हीच टाकता. गलवानमध्ये आपले 20 जवान गेले तेव्हा स्टेटसला मेणबत्ती तुमचीच होती. मग ज्या चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या हुकमावर ते सैन्य चालतं, तोच पक्ष एखाद्याच्या घरात सरकारी माणसं 'नातेवाईक' म्हणून राहायला पाठवतो, बायकांना सक्तीनं तांबी बसवतो, नसबंदी करतो, तेव्हा तुम्हाला तो एकदम शिस्तीचा कसा वाटायला लागतो? तिबेटचा तुम्हाला फार कळवळा. तिबेटमध्ये चौकाचौकात पोलीसचौक्या बसवणारा चेन छुआंगुओच 2016 मध्ये शिनजियांगचा पक्षसचिव झाला आणि तिथेही त्यानं तेच केलं. एकाच माणसाचा एकच उद्योग, तिबेटात पाप आणि शिनजियांगात पुण्य! 2017 ते 2019 मध्ये शिनजियांगचा जन्मदर जवळजवळ निम्म्यावर आला. यावर टाळ्या वाजवणारा माणूस चीनविरोधी कसा, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

इस्लामी देशांकडे बोट दाखवायला हरकत नाही. जुलै 2019 मध्ये चीनची पाठराखण करणाऱ्या 37 देशांच्या पत्रावर सौदीची आणि पाकिस्तानची सही होती. मात्र बोट तिथेच थांबवा. 6 ऑक्टोबर 2022 ला संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत शिनजियांगवरच्या त्या ऑगस्टच्या अहवालावर नुसती चर्चा व्हावी की नको, एवढंच मतदान होतं. ठराव 19 विरुद्ध 17 नं पडला. तटस्थ 11 देशांत आपण होतो. आणि 2016 मध्ये उइगुर नेते डोल्कुन इसा यांना आपण व्हिसा दिला आणि मग रद्द केला, ते तर विसरूनच जा.

बरं, पुरे झालं. कैदी कोणत्या धर्माचा आणि पकडणारा कोणत्या रंगाचा हे पाहून ज्यांचं मन द्रवतं, त्यांना लाज वाटायला हवी. डावे असोत की उजवे. तुरुंगातल्या प्राध्यापकबाईला तुमच्या निवडणुकीशी काही देणंघेणं नाही. आणि हे वाचून "मग काश्मिरी पंडितांचं काय?" असं लिहायला बसला असाल, तर आधी सांगा, त्यांच्यासाठी तरी फॉरवर्ड करण्यापलीकडे तुम्ही आजवर काय केलंत?