गोखरू समजून नक्की काय उकळताय?

व्हॉट्सॲपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय. धोतराला, शेळीच्या केसांना चिकटणाऱ्या काटेरी फळाचा फोटो आणि खाली मजकूर: ‘गोखरूचा काढा प्या, मुतखडा विरघळेल. तण नको असेल तर मीठ-साबणाचा एकच फवारा, कायमचं जाईल. उपटलेली झाडं उकिरड्यात टाका, उत्तम खत.’

मुळात फोटोच चुकलाय. आयुर्वेदातलं गोक्षुर म्हणजे सराटा. तो जमिनीला चिकटून पसरतो, पानं हरभऱ्यासारखी, फुलं पिवळी, आणि फळाचे काटे असे टणक की सायकल पंक्चर होते. फोटोतला आहे शंकेश्वर. आमच्याकडे त्यालाही गोखरूच म्हणतात, घोळ तिथेच होतो. हा उभा वाढतो, कमरेला लागतो. पान रुंद, खरखरीत. फळाला टोकाशी दोन शिंगं आणि अंगभर आकडे. सराटा टोचतो, शंकेश्वर धरून ठेवतो.

ही चूक हसण्यावारी नेण्यासारखी नाही. शंकेश्वराचं बी आणि नुकतीच उगवलेली दोन दळांची रोपं विषारी असतात, यकृतावर घाला घालतात. २००७ मध्ये बांगलादेशात सिल्हेट भागात पुरानंतरच्या टंचाईत लोकांनी हीच कोवळी रोपं भाजी म्हणून खाल्ली. ७६ जण आजारी पडले, १९ दगावले. वासरांनाही या रोपांपासून लांब ठेवा. मुतखड्याचं डॉक्टरांना विचारा.

मिठाचा फवारा? पानं करपतात, एवढंच. मातीतल्या फळाला काही होत नाही. वर काळ्या रानात मीठ ओतत राहिलात तर जमीन चोपण, म्हणजे घट्ट नि पाणी न मुरणारी, व्हायची. शिवाय प्रत्येक फळात दोन बिया. एक आधी उगवते, दुसरी बहुधा पुढच्या वर्षासाठी दबा धरून बसते. मग ‘कायमचं’ जाणार कसं?

उकिरड्याचं तर विचारूच नका. गार उकिरड्यात बी मरत नाही, खतासोबत तुम्हीच ते शेतभर पसरता.

खुरपणीत रोप चार पानांवर असतानाच उपटा. उशिरा उगवलंय, वीतभरच आहे, म्हणून सोडू नका: रात्र मोठी होऊ लागली की हे झाड उंची न बघता फुलावर येतं. फळं धरली असतील तर गोणीत भरून बांधावर न्या नि जाळा. घोंगडीला चिकटलेली काढलीत तर तीही चुलीत टाका, अंगणात झटकू नका.