मेपल लीफ गार्डन्समध्ये भाजी घेताना

टोरोंटोतल्या जुन्या लोकांपुढे मेपल लीफ गार्डन्सचा विषय काढा, 'वाट लावली हो तिची' हे वाक्य ऐकायला मिळणारच. कार्लटन आणि चर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची ती पिवळ्या विटांची इमारत. आत लोब्लॉजचं सुपरमार्केट आहे. मी तिथूनच भाजी आणतो आणि मला ते दुकान आवडतं. घाला शिव्या.

हळहळ समजते मला. ऐन महामंदीत, १९३१ च्या जूनमध्ये काम सुरू करून नोव्हेंबरात हे आइस हॉकीचं स्टेडियम उभं केलं होतं. पैसे कमी पडले तेव्हा कामगारांनी मजुरीचा पाचवा हिस्सा शेअर्सच्या रूपात घेतला. बीटल्स इथे १९६४, ६५ आणि ६६, अशी लागोपाठ तीन वर्षं आले. व्हिएतनाम युद्धावर तोंड उघडल्यामुळे अमेरिकेतली शहरं मोहम्मद अलीला रिंग द्यायला तयार नव्हती, तेव्हा १९६६ मध्ये तो इथे कॅनडाच्या जॉर्ज चुव्हालो या बॉक्सरशी पंधरा फेऱ्या लढला. टोरोंटोच्या 'मेपल लीफ्स' या हॉकी संघाने, म्हणजे लीफ्सनी, शेवटचा स्टॅन्ली कप (आइस हॉकीतला सर्वात मोठा करंडक) जिंकला तोही इथेच, १९६७ मध्ये. (त्यानंतर काय झालं ते विचारू नका, इकडे भांडणं होतात.)

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्या कुणी खासबागेत मॉल काढतो म्हणालं तर मीही रस्त्यावर उतरेन. पण खासबागेत अजून कुस्त्या होतात. गार्डन्समधून लीफ्स फेब्रुवारी १९९९ मध्येच नव्या स्टेडियमात निघून गेले होते. पुढे मालकांनी जुनी वास्तू विकायला काढली ती अशाच गिऱ्हाइकाला, जो तिथे सामने आणि कार्यक्रम भरवून नव्या जागेशी स्पर्धा करणार नाही. माझा राग आहे तो इथे. म्हणजे इमारतीचा गळा आवळला कुणी, आणि शिव्या खातोय कोण, तर २००४ मध्ये ती विकत घेणारा दुकानदार!

दुसरीकडे काय झालं तेही बघा. शिकागो स्टेडियम १९९५ मध्ये पाडलं, तिथे पार्किंग केलं. बॉस्टन गार्डन हे स्टेडियमही १९९८ मध्ये जमीनदोस्त. इथे निदान भिंती आणि घुमट तरी शाबूत राहिले.

आणि नुसत्या भिंती नाहीत. २०११ च्या नोव्हेंबरात खाली दुकान सुरू झालं, पुढच्या वर्षी वर विद्यापीठाचं क्रीडा संकुल. त्या खर्चातला वाटा उचलण्यासाठी विद्यार्थ्यांनी मतदान करून स्वतःवरच जादा फी लावून घेतली. तिसऱ्या मजल्यावर, त्याच जुन्या पोलादी घुमटाखाली आज बर्फाची रिंक आहे. पूर्वी जे छत मान वर करून बघावं लागायचं, ते आता अगदी डोक्यावर आल्यासारखं वाटतं. एकेक तुळई नीट न्याहाळता येते. खाली दुकानात २५ नंबरच्या रांगेत फरशीवर एक लाल ठिपका आहे. जुन्या रिंकचा मध्यबिंदू तो. लोक त्यावरून ट्रॉली ढकलत निघून जातात, मधूनच एखादे आजोबा नातवाला त्यावर उभं करून फोटो काढतात. मला हे काचेच्या पेटीत ठेवलेल्या जर्सीपेक्षा बरं वाटतं.

'पवित्र वास्तू' म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक. याच इमारतीत इथल्याच कर्मचाऱ्यांनी वर्षानुवर्षं लहान मुलांचं लैंगिक शोषण केलं, ते १९९७ मध्ये उघडकीला आलं. भिंतीवरच्या जुन्या फोटोंत ते दिसत नाही.

दुकानावर माझी तक्रार आहे ती एवढीच की वर रिंक आहे हे खाली खरेदी करणाऱ्या निम्म्या लोकांना ठाऊकच नसतं. टोरोंटोतल्या मंडळींनी हिवाळ्यात विद्यापीठाची एखादी मॅच जरूर बघावी. लीफ्सच्या तिकिटाला जो खिसा कापला जातो, त्यापुढे हे काहीच नाही. येणार असाल तर कमेंटमध्ये सांगा, एकत्र जाऊ. येताना खालून मेथी मिळाली तर तीही घेऊ.