दाखला नागरिकानेच का आणायचा?

फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने सुमारे ५०० सेवा व्हॉट्सॲपवरून देण्यासाठी मेटा कंपनीशी करार केला, आणि तिकडची चर्चा पुन्हा एकदा ‘किती सेवा ऑनलाइन झाल्या’ या आकड्याभोवती फिरू लागली. एस्टोनियात राहून ती वाचताना मला हा आकडाच गैरलागू वाटतो. अर्ज कुठून भरला यापेक्षा त्याला काय काय जोडावे लागले, यावरून कारभाराची पारख व्हायला हवी.

उत्पन्नाचा दाखला घ्या. तलाठ्याच्या अहवालावरून तहसील कार्यालय तो देते, ‘आपले सरकार’वरून त्याची पीडीएफ उतरवून घेता येते, आणि शिष्यवृत्तीसाठी बऱ्याचदा तीच फाईल पालकांना ‘महाडीबीटी’वर पुन्हा चढवावी लागते. फाईल ठरलेल्या आकारापेक्षा मोठी निघाली की सेतू केंद्राची खेप ठरलेलीच. एका सरकारी संगणकातला मजकूर दुसऱ्या सरकारी संगणकात पोचवणारा टपालवाला अजूनही नागरिकच आहे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने मुदत घालून दिली, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडही ठेवला. पण तो कायदा दाखला किती दिवसांत मिळाला एवढेच विचारतो, तो मुळात मागावा का लागला हे विचारत नाही.

एस्टोनियात २००१ पासून ‘एक्स-रोड’ नावाची व्यवस्था आहे. सगळी माहिती एका ठिकाणी गोळा न करता प्रत्येक खाते आपली नोंद आपल्याकडेच ठेवते आणि दुसऱ्या खात्याला लागेल तेवढीच माहिती सांकेतिक स्वरूपात पाठवते. माझ्या मते खरी ताकद या जाळ्यापेक्षा त्यामागच्या कायद्यात आहे: एका खात्याकडे असलेलीच माहिती पुन्हा गोळा करण्यासाठी वेगळा माहितीसंच उभारण्यास इथे मनाई आहे.

तुलना सरळ नाही, हे मान्य. हा देश जेमतेम साडेतेरा लाखांचा. आधार किंवा यूपीआय ज्या प्रमाणावर चालते त्याचा अनुभव इथे कोणालाही नाही. शिवाय २०१७ मध्ये इथल्या साडेसात लाखांच्या आसपास ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष सापडला आणि त्यांची डिजिटल प्रमाणपत्रे सरकारला स्थगित करावी लागली.

खाती एकमेकांना जोडली तर सरकारला नागरिकाचे सगळेच दिसेल, हा भारतातला आक्षेपही पोकळ नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले, तरी २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात केंद्राला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा आहे. इथे मी सरकारी संकेतस्थळावर शिरलो की माझी नोंद कोणत्या कार्यालयाने केव्हा पाहिली याची यादी समोर येते, आणि एखादी ओळ खटकली तर त्या कार्यालयाला जाब विचारता येतो. अशा यादीशिवाय केलेली जोडणी मला नको आहे, मग शिष्यवृत्ती घरबसल्या मिळाली तरी.

आधारच्या संकेतस्थळावर प्रमाणीकरणाचा इतिहास, म्हणजे आपला आधार क्रमांक केव्हा पडताळला गेला हे, पाहण्याची सोय आजही आहे. तीच सोय महसूल, शिक्षण आणि आरोग्य खात्यांच्या नोंदींपर्यंत नेण्यात तंत्रज्ञानाची अडचण फारशी नसावी. आपले दप्तर कोणी कधी उघडले हे नागरिकाला दाखवायला खाती राजी होतील का, हे मात्र करार मेटाशी करून ठरणारे नाही.