रात्री बाराला बंद पडणारं घड्याळ अपशकुनी नसतं हो

आमच्या मालवणच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज महिन्याभरात तिसऱ्यांदा आलाय, 'जुनं चावीचं तारीखवालं घड्याळ घरात असेल तर नक्की वाचा'. थोडक्यात सांगतो. आत 17 खरी माणकं असतात तेव्हा सोनाराकडे न्या, फुल चावी दिली की स्प्रिंग तुटते, रात्री तारीख बदलू नका कारण तेव्हा मशीन आराम करतं, अडलं तर खोबरेल तेलाचा थेंब सोडा, आणि कडी म्हणजे घड्याळ रोज रात्री बाराच्या सुमारास बंद पडत असेल तर ते अपशकुनी, घरात ठेवूच नका. हे वाचून माझी आत्या खरोखर आजोबांचं घड्याळ विकायला निघाली होती म्हणून लिहितोय, नाहीतर फॉरवर्डला उत्तरं देत बसायला वेळ कोणाला आहे.

माणकांचं आधी उरकतो. असतात, पण ती कारखान्यात बनवलेली, व्हर्नुई नावाच्या फ्रेंच केमिस्टने 1902 साली ही पद्धत जगापुढे आणली तेव्हापासून ती स्वस्तच आहेत. चाकांची टोकं त्यांच्या भोकात फिरतात, कडक आणि गुळगुळीत म्हणून झीज कमी होते एवढंच त्यांचं काम. सोनाराकडे न्या, चहा पाजून परत पाठवेल.

फुल चावीने स्प्रिंग तुटते हेही नाही. चावीच्या घड्याळात स्प्रिंग पूर्ण गुंडाळली गेली की चावी आपोआप अडते, तिथे थांबायचं, त्यापुढे पैलवानकी करायची नाही. 'चावी जास्त झाली म्हणून बंद पडलं' असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आतलं तेल सुकलेलं असतं नाहीतर कचरा गेलेला असतो. उलट अर्धीच चावी दिली तर घड्याळ संध्याकाळपर्यंत ढिलं पडतं आणि वेळ चुकायला लागते. रोज सकाळी एकदा फुल, बास.

आता ते बाराचं भूत. आजोबा परळला गिरणीत होते, हे स्विस घड्याळ तिकडूनच आलं. लहानपणी मी ट्रंकेजवळ गेलो की आजी ओरडायची, "मेल्या, ता आज्याचा घड्याळ आसा, हात लावशीत तर बघ!" आजीनंतर ते आत्याकडे गेलं, तिने हौसेने चावी द्यायला सुरुवात केली आणि ते रोज रात्री पावणेबाराच्या आसपास बंद. कोकणात एवढं पुरतं हो, आजोबा बोलावतायत इथपर्यंत गोष्ट गेली. मी ते उचललं आणि बाजारात घड्याळवाल्या काकांकडे नेलं, त्यांनी डोळ्याला भिंग लावून पाठ उघडली आणि नुसते हसले. झालंय असं, तारखेच्या कड्याला आतून 31 दात असतात, काट्यांच्या चाकांवरून एक चाक 24 तासांत एक फेरी मारतं आणि त्याच्यावरचं छोटं बोट रात्री त्या कड्याचा एक दात पुढे ढकलतं, पण कडं एका बारीक स्प्रिंगने दाबून धरलेलं असतं म्हणून ढकलायला जोर लागतो. दिवसभर मशीनला हे ओझं नसतं, रात्रीच येतं. तेल सुकलेलं घड्याळ दिवस कसाबसा काढतं आणि नेमकं तिथे धापा टाकून थांबतं. अशी बरीच जुनी मशीनं तासाला 18000 टिकटिक करतात म्हणजे दिवसाला 4,32,000, त्यात वर्षानुवर्षं सर्व्हिसिंग नाही, मग काय होणार. सगळं खोलून धुतलं, नवीन तेल दिलं, भूत गेलं.

रात्री तारीख बदलू नका हे मात्र बरोबर, कारण चूक. आराम कसला, तेव्हाच तर ते बोट दातात अडकलेलं असतं! चावी ओढून थेट तारीख बदलायची सोय असलेल्या घड्याळात साधारण रात्री 9 ते पहाटे 3 मध्ये बळजबरी केली की बोट नाहीतर दात मोडू शकतो. आणि तारीख दुपारी बाराला बदलत असेल तर घड्याळ बिघडलेलं नाही, काटे 12 तास पुढे फिरवा.

खोबरेल तेलाबद्दल तर हात जोडतो. थंडीत सकाळी बाटलीत ते कसं थिजतं ते माहिती आहे ना, तेच आत होणार, शिवाय पसरून चिकट होणार. आणि ते घड्याळाची चाल ठरवणाऱ्या केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगवर गेलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ वेड्यासारखं पुढे पळायला लागतं. खारी हवा आणि घामाने स्टेम, म्हणजे चावीची आत जाणारी दांडी, गंजतो ही आपल्याकडची खरी भानगड, आमचाही गंजलेला होता, तो बदलावा लागला, त्याबद्दल त्या मेसेजमध्ये एक अक्षर नाही.

घड्याळ आत्याच्या हातावर परत गेलं. परवा 1 ऑक्टोबरला सकाळी सातला तिचा फोन, घाबरलेली, "अरे, ह्या 31 दाखवता! परत बिघाडला?" म्हटलं आत्या, त्या कड्याला महिने कळत नाहीत, सरळ 31 पर्यंत मोजतं, म्हणून वर्षातून पाच वेळा आपणच पुढे करायचं, तुझ्या घड्याळात थेट बदलायची सोय नाही तेव्हा काटेच 24 तास फिरव. थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "मगे ह्या त्या मेसेजात कित्याक नाय व्हता?"