आधी गोरं करा, मग बघू

शार्पनिंग, म्हणजे फोटोतल्या कडा ठळक करणं, सगळ्यात शेवटी करायचं असतं, हे मी काल डिजिटल बोर्डवाल्याच्या दुकानात घसा कोरडा करून सांगितलं, पण ऐकायला फक्त पंखा होता.

आत्याची एकसष्टी, चार बाय सहा फुटी बोर्ड. रॉ फाईलवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या कच्च्या फोटोवर, आधी व्हाइट बॅलन्स म्हणजे रंगांचा तोल, मग एक्स्पोजर म्हणजे उजेड, नॉइज म्हणजे दाणे, क्रॉप असं सगळं निवांत बसून केलेलं. दुकानातलं पोरगं म्हणतंय, "पेनड्राइव्हनं व्हायरस येतोय, व्हॉट्सॲप करा की." साध्या पाठवणीत लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास येते, म्हणजे ६ फुटांवर पसरली की इंचाला जेमतेम २२ पिक्सेल. त्यावर यानं आधीच शार्प मारलं, त्यानं दाणे वर आले, ते घालवायला स्मूथ, मग आत्याचं नाकच गायब म्हणून परत शार्प, आणि दरवेळी जेपेग सेव्ह करून बंद आणि पुन्हा उघड. अरे बाबा, दर सेव्हला जेपेग फोटोतलं थोडं थोडं फेकून देतंय, असं म्हणायला तोंड उघडलं तर स्टुलावरचे काका म्हणाले, "आधी गोरं करा ओ त्यास्नी, मग काय ते बघा."

काका तालमीतले, पुतण्याच्या वाढदिवसाचा बोर्ड करायला आलेले. "आधी अंबाबाई. मग शाहू महाराज. मग सायेब, मग दादा. दादांचं डोस्कं सायबांपरास बोटभर बी मोठं नको, गेल्या साली त्यावनं खुर्च्या उडाल्यात. मग मधी आमचं पोरगं, गॉगल लावून. गॉगल न्हवता त्यानं, तुमी लावा. आन् खाली बाकीची पोरं, वर्गणी दिल्याल्या क्रमानं."

आणि हे सगळं त्या पोरानं एकदाही न चुकता केलं! माझं ऐकताना कानात बोळे होते काय?

"काका, मग शार्पनिंग कधी?" मी चिडूनच विचारलं.

"ते ऱ्हाऊ दे की शेवटाला, टाइम उरला तर."

बरोबर उत्तर! सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी जिथं स्वतः कॅमेरा बनवला त्या कोल्हापुरात बरोबर उत्तर देणारा एकच माणूस, आणि तोही चुकून.

तोवर पोरानं आत्याला गोरं केलंच होतं. १४ बिटच्या रॉमध्ये एका रंगाच्या १६,३८४ पायऱ्या मिळतात, जेपेगमध्ये २५६, त्यात एवढं ताणल्यावर गालावर पट्टे उमटणारच. आत्याला पट्टे, आणि ते दादा बघा कसे गुळगुळीत, त्यांचा फोटो म्हणे ऑफिसातनंच ओरिजिनल येतोय, पेनड्राइव्हवर!

बोर्डाचे पैसे स्क्वेअर फुटावर ठरलेले, वर डिझाइनचे दोनशे लावले. कशाचे विचारलं तर म्हणतंय, "दोनदा शार्प मारलंय की ओ."