‘चालते’ म्हणजे नेमके काय चालते?

मॅकवर व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक) टाकले की विंडोज अगदी व्यवस्थित चालते, असे मला सांगणाऱ्या प्रत्येकाला मे महिन्यातल्या एका दुपारी बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, वजनकाट्यावर उभे करावे, अशी माझी तीव्र इच्छा आहे. काट्यावर भरलेला ट्रक असावा, मागचे दोघे हॉर्न वाजवत असावेत, आणि याच्या हातात तो मॅक असावा, ज्यात विंडोज ‘चालते’.

मी कारखान्यांच्या वजनकाट्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. वजन दाखवणाऱ्या इंडिकेटरकडून सीरियल पोर्ट या जुन्या जोडणीवाटे आलेला आकडा वाचायचा, पावती छापायची आणि नोंद मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये ठेवायची, एवढेच ते काम आहे. पण ते सारे मायक्रोसॉफ्टच्याच जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कवर उभे असल्यामुळे विंडोजवाचून गत्यंतर नाही. मग मॅक घेतलाच कशाला, हा प्रश्न दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात आईपासून वरच्या मजल्यावरच्या काकांपर्यंत सर्वांनी विचारून झाला आहे. एका गिऱ्हाइकाला आयफोनसाठी ॲप हवे होते, ते ॲपलच्या एक्सकोड या सॉफ्टवेअरशिवाय होत नाही आणि एक्सकोड मॅकशिवाय चालत नाही, हे उत्तर मी आता पाठ म्हणून दाखवतो.

इंटेलच्या मॅकवर ही कटकट नव्हती. तिथे प्रोसेसर विंडोजच्या ओळखीचाच होता; व्हर्च्युअल मशीन नको असेल तर मॅक थेट विंडोजमध्येच सुरू करून देणारा बूट कॅम्प होता. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलचा स्वतःचा, एआरएम जातीचा एम१ आला आणि प्रोसेसरच बदलला, त्याबरोबर बूट कॅम्पही गेला. आता व्हर्च्युअल मशीनमध्ये बसते ते एआरएमसाठीचे विंडोज, आणि आपले जुने प्रोग्राम ते दुभाष्यासारखे समजून घेऊन चालवते. प्रोग्रामपुरता हा दुभाष्या बरा आहे, हे मी मान्य करतो. परंतु ड्रायव्हर, म्हणजे जोडलेले उपकरण विंडोजकडून चालवून घेणारे सॉफ्टवेअर, थेट विंडोजच्या गाभ्यात शिरत असल्यामुळे तिथे दुभाष्या चालत नाही. ड्रायव्हर एआरएमसाठीच लिहिलेला असावा लागतो. एवढे एक वाक्य विकणाऱ्याने किंवा सल्ला देणाऱ्याने आधी उच्चारले असते, तर माझे कित्येक रविवार वाचले असते.

मी वापरतो त्या एका लायब्ररीचा (विकत घेतलेल्या तयार कोडचा) परवाना यूएसबी डोंगलमध्ये, म्हणजे संगणकाला लावायच्या किल्लीत, आहे. त्याचा ड्रायव्हर एआरएमवर बसत नाही, आणि विकणाऱ्या कंपनीने तीन ई-मेलनंतर ‘आपला संगणक आमच्या यादीत नाही’ एवढेच कळवले. एसक्यूएल सर्व्हरची गत त्याहून न्यारी. २०१६ च्या आवृत्तीपासून तो फक्त एक्स६४, म्हणजे इंटेलच्या जातीचाच, प्रोसेसर मागतो, म्हणून मी मॅकवर डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणारे सॉफ्टवेअर), डॉकरमध्ये लिनक्स आणि लिनक्समध्ये, तोही दुभाष्याच्याच मदतीने, एसक्यूएल सर्व्हर बसवला, आणि शेजारच्या व्हर्च्युअल मशीनमधल्या विंडोजला नेटवर्कवरून त्याच्याशी बोलायला लावले. हा एवढा गोतावळा कशासाठी, तर विटांच्या ट्रकची एक पावती छापण्यासाठी!

बाकीचे त्रास किरकोळ म्हणावेत तर ते दिवसभर टोचत राहतात. व्हिज्युअल स्टुडिओ या कोड लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधताना एका फंक्शनच्या आत शिरण्यासाठी एफ११ हवे, तर ती कळ मॅकने आधीच स्वतःच्या कामाला जुंपलेली आहे. कोड मॅकच्या बाजूला ठेवला तर विंडोजला तो नेटवर्कवरचा परका फोल्डर वाटतो. आत ठेवला तर व्हर्च्युअल डिस्कची फाईल फुगत जाते आणि आतला कचरा काढला तरी आपणहून आकसत नाही. आठ जीबी मेमरीतली निम्मी विंडोजला दिली की दोघेही उपाशी राहतात, आणि मेमरी नंतर वाढवण्याची सोय या यंत्रात नाही. (घेताना मी सोळा जीबीचे पैसे वाचवले, हा मूर्खपणा मात्र सर्वस्वी माझा.)

त्या दुपारी मकरपुऱ्यात मी गेलो होतो तो आकडा अधूनमधून शून्य का येतो हे जागेवर पाहायला. घरी बनावट आकडे देऊन सारे सुरळीत होते. तिथे यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर जोडला, व्हर्च्युअल मशीनने तो इमानदारीने विंडोजच्या स्वाधीन केला, आणि विंडोजने त्यावर पिवळे उद्गारचिन्ह लावून हात वर केले, कारण त्या स्वस्त कन्व्हर्टरचा एआरएमसाठीचा ड्रायव्हर कुठेच नव्हता. वीस मिनिटे मी घाम पुसत शोधत होतो. शेवटी काट्यावरच्या ऑपरेटरभाईंनी काही न बोलता टेबलाखालून आपला बिजागरी तुटलेला जुना विंडोज लॅपटॉप काढला, केबल लावली, आणि आकडा आला.

तसाच एक जुना लॅपटॉप मी पुढच्याच आठवड्यात विकत घेतला. आता काट्यावर जाताना बॅगेत तो असतो, आणि घरी आलो की मॅकवरून रिमोट डेस्कटॉपने त्याच्यात शिरून मी काम करतो. परवा काकांनी डोकावून पाहिले आणि म्हणाले, “अरे वा, चालते की विंडोज तुझ्या मॅकवर!”